मॅग्नेट उतरलं नाही भाऊ, कंडेन्सर गेलाय

भाऊ, बीएसए एम२० या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलच्या मॅगडायनोवरच्या (ठिणगीचा मॅग्नेटो आणि दिव्यांचा डायनॅमो एकत्र) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "आपल्या खान्देशच्या ४५ डिग्रीत मॅग्नेटच उतरतं. ते चार्ज करायचं सोडून कंडेन्सरच्या नावाने लोकांच्या खिशाला कात्री लावू नका. पंख्याचा कंडेन्सरही चालतो. पॉइंटची फटसुद्धा चुकीची दिलीये. पुस्तकी मिस्त्री!"

पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या, फटीचं कबूल. १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) पडलं होतं, १२ हवं, म्हणजे ०.३ मिमी. दुरुस्त केलं. पण हेच "आकडा चुकलाय" एवढ्यात सांगता आलं असतं. 'पुस्तकी' मात्र गिळवत नाही. तीस वर्षांत काळी पडलेली नखं पुस्तकं चाळून होत नाहीत. आणि जळगाव-भुसावळकडे भांडतानाही आपण 'भाऊ' म्हणतो, तेवढं तरी ठेवायचं होतं.

आता ती ४५ डिग्री. मॅग्नेटचं पोलाद काही शे अंश तापल्याशिवाय उतरत नाही, म्हणजे त्याचं चुंबकत्व कमी होत नाही. मे महिन्याच्या उन्हाला ते भीक घालत नाही. आणि खरंच उतरलं असेल, तर गाडी सकाळी थंड असतानाच रडेल, कारण किकेला आर्मेचर (मॅग्नेटमध्ये फिरणारी तारांची गुंडाळी) सगळ्यात हळू फिरतं आणि ठिणगी तिथेच कमी पडते. लेखातल्या गाडीची तक्रार उलटी आहे: सकाळी एका किकेत चालू, वीस मिनिटांनी बंद, अर्ध्या तासाने गार झाली की पुन्हा चालू. हा रोग इन्सुलेशनचा. पॉइंटवरची ठिणगी दाबणारा जुना कंडेन्सर तापला की गळतो, म्हणजे त्यातून वीज निसटते, पॉइंटवर निळी-पांढरी ठिणगी उडते, पॉइंट खड्डे पडून काळे होतात आणि प्लगला काही उरत नाही.

मल्टिमीटरच्या ९ व्होल्टला ही गळती दिसत नाही. कंडेन्सर वाइंडिंगपासून सोडवा (नाहीतर प्रायमरीचा, म्हणजे जाड तारेच्या वेढ्यांचा, अर्धा ओहमच मोजत बसाल), हेअर ड्रायरने तापवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) धरा. थंड असताना मेगओहम आणि तापल्यावर किलोओहम, तर तो गेला. कंडेन्सर शाबूत निघाला तर सेकंडरी, म्हणजे प्लगला वीज देणारे बारीक तारेचे वेढे, बघा: थंड असताना साधारण ५ हजार ओहम. तापल्यावर थोडी वाढ चालते, कारण तांब्याचा रोध वाढतोच. पण काटा अनंताला गेला तर तार तुटलीये. बोटाला चिकट लागलं तर वाइंडिंगची लाख वितळलीये. ती ७५ अंशांच्या आसपास सुटते, आणि मग आर्मेचर आतच चिकटतं.

पंख्याचा कंडेन्सर? तो २.५ मायक्रोफॅरडचा, इथे लागतो ०.१५ ते ०.१८. पुढे बोलायला काही नाही.

मॅग्नेट चार्ज करायचंच असेल तर करा, पैसे तुमचे. पण जुन्या पोलादी मॅग्नेटमधून आर्मेचर काढताना लोखंडी कीपर (चुंबकाचे दोन्ही ध्रुव जोडणारा तुकडा) लावला नाहीत, तर ते उन्हाने नाही, तुमच्या हाताने उतरेल. आणि आर्मेचर ओढण्याआधी पिकअप (प्लगकडे वीज नेणारा ब्रश), अर्थ ब्रश आणि सेफ्टी स्क्रू काढा. पिकअप ज्यावर घासतो त्या स्लिप रिंगची कड तुटली की परत माझ्याच नावाने लिहाल.