रविवार आणि मेगाब्लॉक

आठवड्यातून एकच दिवस चर्चमध्ये गाणी म्हणणाऱ्या आमच्या वर्शिप टीमचा सराव, आणि तोही नेमका रेल्वेच्या मेगाब्लॉकच्या मुहूर्तावर! देखभाल करायला हवी, मान्य. रूळ काही प्रार्थनेवर टिकत नाहीत. पण माटुंगा ते मुलुंड जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या, की ठाण्याहून भायखळा गाठेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. त्यात पाठीवर गिटार. ‘ओ भाऊ, ते धूड खाली घ्या!’ खाली घेतली तर ‘पायात येतंय.’ रॅकवर ठेवावी तर तिथे कुणाची तरी सुटकेस आडवी पसरलेली. कुर्ल्याला चढणारा लोंढा तर तिला धरायचा दांडाच समजतो. घरून तारा जुळवून निघालो तरी उतरल्यावर सगळं बेसूर. गळ्याचं तर विचारूच नका, रुळांवरची धूळ खाऊन वरचा सा लावायचा म्हणे!

पोचल्यावर स्वागत कसं? ‘आज गाणं जी पट्टीत नको, ए पट्टीत घेऊ.’ वर घड्याळ दाखवत, ‘जरा लवकर निघत जा ना रे.’ हे सांगणारा कोण, तर चर्चच्या मागच्याच गल्लीत राहणारा. अजून लवकर म्हणजे काय, शनिवारीच येऊन बाकावर झोपू?