दोन मिनिटं राहिली आहेत

युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची बास्केटबॉल स्पर्धा, बघणाऱ्या माणसावर घरात कुणी विश्वास ठेवत नाही. त्यात घरच्यांची चूक नाही. "आलोच, दोनच मिनिटं राहिलीत," हे वाक्य तो मोसमभर दर आठवड्याला म्हणत असतो, आणि त्यानंतर पंचवीस मिनिटं जागचा हलत नाही.

फसवणूक खरं तर नियमांच्या पुस्तकातच आहे. दहा-दहा मिनिटांची चार क्वार्टर, म्हणजे एकूण 40 मिनिटं. तिकडे अमेरिकेत एनबीएचा सामना 48 मिनिटांचा. घरात टीव्हीच्या वाटाघाटी झाल्या तेव्हा ही आठ मिनिटांची बचत मी हिच्यापुढे फार ठासून मांडली होती. सामना चालतो दोन तासांच्या आसपास, ही बारीक अक्षरातली अट मात्र राहून गेली. युरोपातली रात्र म्हणजे आमची मध्यरात्र, त्यामुळे या दोन तासांना साक्षीदार फक्त आई असते. तिला झोप येत नाही.

पहिली 38 मिनिटं कुणाची काही तक्रार नसते. चेंडू हातात आला की 24 सेकंदांत बास्केटकडे फेकायचा, नाहीतर तो प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, असा कडक कायदा असल्यामुळे रेंगाळायला वावच नाही. मग घड्याळात 2:00 दिसतं आणि वेळ नावाची गोष्टच बिघडते. इथून पुढे प्रत्येक बास्केट पडला की घड्याळ थांबतं. मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करायला लागतो. हे आईला समजावणं हा माझ्या आयुष्यातला एक स्वतंत्र अध्याय आहे.

"अरे, त्याने त्याचा दंडच धरला की सरळ!"

"मुद्दाम धरला, आई. घड्याळ थांबवायला."

"आणि कोच टाळ्या वाजवतोय?"

"चांगला फाउल होता ना."

"चांगला फाउल!" आईने हे दोन शब्द तोंडात घोळवून पाहिले. पुढच्या आठवड्यात टीव्हीचा रिमोट सापडेना, तेव्हा तिने हिच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाली, "चांगला फाउल आहे."

आता फ्री थ्रो, म्हणजे फाउलच्या बदल्यात रेषेवरून मिळणारे बिनअडथळ्याचे फटके. दोन मीटरच्या वरचा तो गडी रेषेपर्यंत अशा चालीने येतो, जणू त्याला कुणी बोलावणंच पाठवलेलं नाही. उभा राहतो. बुटाचा तळवा हाताने पुसतो, मग दुसरा. चेंडू आपटतो, हातात फिरवतो, त्यावरची अक्षरं वाचतो की काय कोण जाणे. समोर अथेन्सचं किंवा बेलग्रेडचं प्रेक्षागृह शिट्ट्यांनी फाटायला आलेलं. पहिला आत. पुन्हा तळवे. दुसरा बाहेर. रिबाउंडची, म्हणजे परत आलेला चेंडू पकडण्याची, झटापट होते, चेंडू रेषेबाहेर जातो, दोन्ही संघ 'आमचा, आमचा' म्हणून हात वर करतात आणि पंच रिप्ले बघायला पडद्याकडे निघतात. एवढ्या सगळ्यात घड्याळातले तीन सेकंद गेलेले असतात.

त्यात टाइमआउट, म्हणजे कोचने मागून घेतलेली मिनिटभराची विश्रांती. दुसऱ्या अर्धात प्रत्येक संघाला तीन मिळतात. अनुभवी कोच ते म्हातारपणाच्या ठेवीसारखे जपतात आणि शेवटाला मोडतात. नियम करणाऱ्यांनी शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घ्यायचे, असं बंधन घातलं आहे. म्हणजे दोन्ही संघ मिळून चार. दोन मिनिटांच्या खेळाला चार मिनिटांची विश्रांती!

पण आईला टाइमआउटच आवडतात, कारण तेव्हा कॅमेरा कोचच्या तोंडापाशी जातो. तिचे लाडके झेल्को ओब्रादोविच. पाच वेगवेगळ्या क्लबांना घेऊन नऊ वेळा युरोलीग जिंकलेला हा सर्बियन माणूस टाइमआउटमध्ये कपाळापासून मानेपर्यंत टोमॅटो होतो. 1992 मध्ये पहिल्यांदा जिंकले तेव्हा युगोस्लाव्हियात युद्ध पेटलेलं होतं आणि त्यांच्या बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबला घरचे सामने स्पेनमध्ये फुएनलाब्रादाला खेळावे लागत होते. हे मी सांगितल्यावर आई म्हणाली, "मग ओरडू दे त्याला. पण बीपीची गोळी घेतो ना वेळेवर?"

बरं, निकाल लागलेला सामना तरी वेळेत संपावा? तोही नाही. 2025-26 पासून 20 संघ आहेत, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे 38 सामने. शेवटी गुणतक्त्यात दोघे बरोबरीत आले तर आपसातल्या सामन्यांत कोण सरस, हे बघतात, आणि तिथेही बरोबरी झाली तर त्या सामन्यांतला गुणांचा फरक. त्यामुळे दहा सेकंद राहिलेत, संघ 12 गुणांनी हरतोय, कोच टाइमआउट घेतो आणि पाटीवर रेघोट्या मारून डाव आखतो. कशासाठी? तर नऊने हरण्यासाठी! ही एकदा खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "हरलेत ना?" "हो." "मग आता काय करतायत?" "कमी हरतायत." ती काही न बोलता आत गेली.

टीव्ही बंद करून झोपावं, हा शहाणा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. पण ज्याने 2012 ची इस्तंबूलची फायनल पाहिली, त्याला झोप कशी येणार? ग्रीसचा ऑलिम्पियाकोस तिसऱ्या क्वार्टरमध्ये सीएसकेए मॉस्कोच्या 19 गुणांनी मागे. भल्याभल्यांनी टीव्ही बंद केले असतील. शेवटचे दहा सेकंद उरलेले, मॉस्को एका गुणाने पुढे, आणि त्यांच्या सिस्कौस्कासचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. मग ऑलिम्पियाकोसच्या स्पानुलिसने प्रिंतेझिसला पास दिला, त्याने चेंडू अलगद तरंगवला. 62-61, आणि घड्याळात 0.7 सेकंद शिल्लक. 2023 ला काउनसमध्ये याच ऑलिम्पियाकोसला उलटा हिशोब मिळाला. रेआल माद्रिदच्या सेर्जियो युलने सामनाभर एकही बास्केट केला नव्हता. तो शेवटच्या काही सेकंदांत केला, आणि 79-78.

आणि 1996 ची पॅरिसची फायनल! अथेन्सचा पानाथिनाइकोस बार्सिलोनाच्या एका गुणाने पुढे, शेवटचे सेकंद चालू, आणि मैदानावरचं घड्याळच अडलं. पानाथिनाइकोसच्या व्रान्कोविचने मागून धावत येऊन बार्सिलोनाचा फटका अडवला, तो नियमात बसत होता का, यावर आजही वाद घालणारे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की एरवी नियमाप्रमाणे थांबून थांबून ते घड्याळच कंटाळलं असेल.

बर्लिनच्या 2016 च्या फायनलला आई शेवटपर्यंत बसली, कारण सीएसकेए मॉस्कोविरुद्ध इस्तंबूलच्या फेनरबाचेच्या बाकावर ओब्रादोविच होते. त्यांचा संघ मोठी पिछाडी भरून काढून पुढे गेला होता. दोन गुणांची आघाडी, जेमतेम दोन सेकंद शिल्लक, आणि मॉस्कोच्या ख्रियापाने परत आलेला चेंडू टिचकीने आत ढकलला. 83-83.

"झालं ना?" आईने पांघरूण आवरायला घेतलं.

"बरोबरी झाली. आता जादा वेळ. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं," आई सावकाश म्हणाली. "त्यात शेवटची दोन असतीलच."

"असणारच."

"आणि टाइमआउट?"

"नवा मिळतो. दोघांनाही."

आईने उशी पाठीशी नीट लावून घेतली. "हिलाही उठव," ती म्हणाली, "सकाळी ऑफिसला जाताना शेवट बघून जाईल."