घरात बॉडीबिल्डर पोरगी निघाली? घाबरू नका

तुमच्या भावकीत एखादी पोरगी बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरली असेल, तर धीर सोडू नका. तिला ताळ्यावर आणायचं शास्त्र आहे. गेल्या रविवारी एका जावळाच्या जेवणाला गेले होते, तिथे कोल्हापुरातल्या जाणत्या मंडळींकडून ते शिकून आले. लिहून घ्या.

आल्या आल्या दंड दाबून बघा. विचारत बसू नका. बाजारात वांगं दाबतो तसा अंगठा रुतवायचा आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणायचं, "अगं बाई, हे काय पुरुषासारखं!"

लग्नाचं विचारा. भेटाल तेव्हा.

"पावडर घेतेस व्हय?" हेही विचारा, पण आवाज खाली आणून, गांजाची चौकशी केल्यासारखं. दूध फाटल्यावर खाली जे पाणी उरतं त्यातलंच प्रोटीन वाळवून डब्यात भरतात, असं ती समजावेल. ऐकू नका. इंजेक्शनं टोचणारे या खेळात आहेत, मी कुठे नाही म्हणते? पण ते तुम्हाला फक्त तिच्याकडे बघून आठवलं पाहिजे, गल्लीतल्या 'श्री' किताब मिळवलेल्या गड्याकडे बघून नाही.

आता मुख्य गोष्ट, डबा. स्पर्धा जवळ आली की ही पोरगी जेवणाला स्वतःचा डबा घेऊन येते. माझ्या डब्यात १५० ग्रॅम उकडलेलं चिकन, १०० ग्रॅम भात आणि काकडी होती. काट्यावर तोललेलं. कोचनी त्याच आठवड्यात भात कमी केला होता, त्यामुळे त्या शंभर ग्रॅमवर माझा कसा जीव होता ते मलाच ठाऊक. काकू ओगराळं घेऊन आल्या. "कोरडं कसं गिळतंय गं तुला? खा की!" आणि मी हात आडवा घालेपर्यंत पांढरा रस्सा डब्यात. खोबऱ्याचं दूध, काजू, तीळ, खसखस. भात पोहायला लागला. डबा बाजूला सारला तर "मोठी आली!" मग दोन तास उपाशी बसले, आणि त्याच काकू चौघींना सांगत होत्या, "उपाशी राहून राहून तोंड बघा कसं उतरलंय पोरीचं."

थांबा, संपलं नाही. आचाऱ्याचा गॅस संपला. १९ किलोचा भरलेला सिलिंडर टेम्पोतून मागच्या अंगणात न्यायचा होता, आणि १९ किलो तर नुसता गॅस, लोखंडाचं वजन वेगळंच. मांडवात मिशीवाले किती होते ते मोजलं नाही. हाक कुणाला? "बोलवा की तिला, जिमला जातीया नव्हं!" नेला मी. तेवढी पाच मिनिटं माझे दंड पुरुषासारखे नव्हते. कामाचे होते.

पदक आणलं तर फ्लेक्स लावू नका. माझा चुलतभाऊ जिल्ह्यात पाचवा आला तेव्हा चौकात दहा फुटी फ्लेक्स लागला. अंगावर एवढीशी चड्डी, वर तेल, खाली शुभेच्छुकांची मुंडकी. माझा स्टेजवरचा फोटो आईने कौतुकाने ग्रुपवर टाकला, तर मामांचं उत्तर आलं, "डिलीट कर." सुहास खामकर २०१० साली मिस्टर एशिया झाला, त्याचं नाव घेताना आपली छाती अजून फुगते. फुगलीच पाहिजे. पुण्यात विषाणू संस्थेत नोकरी करता करता दीपिका चौधरी आयएफबीबीची, म्हणजे बॉडीबिल्डिंगच्या जागतिक संघटनेची, प्रो (व्यावसायिक खेळाडू) झाली. मांडवात हे नाव कुणाला माहीत होतं? एकालाही नाही.

पण वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या बाजूने मोठी माणसं आहेत. डिसेंबर २००४ मध्ये आयएफबीबीनेच बायकांना कळवलं की स्नायू २० टक्क्यांनी कमी करा. वीस टक्के! कुठल्या काट्यावर तोलायचे, देव जाणे. बायकांची सगळ्यात मोठी बॉडीबिल्डिंग स्पर्धा, मिस ऑलिंपिया, २०१४ नंतर बंदच केली, ती २०२० मध्ये परत आली. मी उतरते त्या फिजिक गटात (बॉडीबिल्डिंगपेक्षा कमी स्नायूंचा गट) डबल बायसेप्स, म्हणजे दोन्ही दंड फुगवून, दाखवताना मूठ वळायची नाही, पंजा उघडा ठेवायचा. मूठ वळली की बाई बाई राहत नाही, म्हणे.

जाऊ दे. नाही जमत मला हे गोड बोलणं. तिसाव्या वर्षी कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. पहिल्या दिवशी वीस किलोची रिकामी दांडी डोक्यावर जाईना. आज डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून दांडी उचलताना, १२० किलो निघते. पहाटे पाचला उठते, मग दिवसभर बँकेत बसते. चरबी उतरवताना पाळी लांबली तेव्हा डॉक्टरकडे मीच गेले, घाबरले तीही मीच. तुमच्यापैकी कुणी विचारलं, बाई गं, झोप होते का? मांडी भरून येते तेव्हा जिना कसा उतरतेस? नाही. तुम्हाला काळजी माझ्या दंडाची आणि मामांच्या अब्रूची. लाज वाटत नाही, भुकेल्या माणसाच्या ताटात हात घालायला?

येत्या रविवारी बारसं आहे. मी येणार आहे, डबा घेऊन. काकू, ओगराळं लांब ठेवा. आणि दंडाला हात लावायच्या आधी विचारा. मी नाही म्हणणार आहे.