नुसतं बसलेलं मीठ काय करतं?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: पोटॅशियम नायट्रेट हा क्षार अभिक्रियेत भागच घेत नाही, वेगाच्या समीकरणात त्याचं नाव नाही, तापमान तेच असेल तर वेग स्थिरांकही (त्या समीकरणातला ठरावीक गुणक) तोच. मग 'क्षार विरघळवला की पाण्यातल्या अभिक्रिया वेग घेतात' हे मी कुठून आणलं?

आधी माझी चूक. ते वाक्य सरसकट लिहायला नको होतं. काही अभिक्रिया वेग घेतात, काही मंदावतात, काहींना ढिम्म फरक पडत नाही. दुरुस्ती केली आहे. स्थिरांकाचं मात्र पटलं नाही. तापमानाबरोबर माध्यमही तेच असावं लागतं, आणि क्षार टाकला की माध्यम बदललं.

परसल्फेट आणि आयोडाइड घ्या. बी.एस्सी.ला स्टार्च-थायोसल्फेट घालून, निळा रंग कधी उमटतो म्हणून स्टॉपवॉच धरून बसतो ना, तीच अभिक्रिया. दोन्ही आयन (प्रभार असलेले कण) ऋण, एकावर दोन प्रभार, दुसऱ्यावर एक. म्हणजे एकमेकांना ढकलणारे. नायट्रेट विरघळलं की पोटॅशियमचे धन आयन त्यांच्याभोवती गोळा होतात आणि ते ढकलणं बोथट होतं. दोघांचं क्षणभर जे तीन ऋण प्रभारांचं कडबोळं बनतं, त्याला या गर्दीचा आधार सगळ्यांत जास्त मिळतो. या गर्दीचं गणित डेबाय आणि हुकेल या शास्त्रज्ञांनी 1923 मध्ये मांडलं. ब्रॉन्स्टेड आणि बिएरूम या रसायनशास्त्रज्ञांनी अभिक्रियांच्या वेगाचा विचार त्याच दिशेने केला. 25 अंशांना आयनिक तीव्रता (द्रावणात आयन किती आणि किती प्रभाराचे, याचं माप) जवळपास शून्यावरून 0.01 वर नेली, तर या अभिक्रियेचा वेग साधारण 1.6 पट होतो.

आता उलटं. तोंड आलं की लावायचं ते जांभळं जेन्शियन व्हायोलेट. त्याचा रंग धन आयनाचा, तो घालवणारा हायड्रॉक्साइड ऋण. इथे गर्दी दोघांमधली ओढच कमी करते. तेवढ्याच क्षारात वेग सुमारे एक पंचमांशाने घटतो. एस्टर आणि कॉस्टिक सोडा यांत मात्र एस्टरवर प्रभारच नाही, म्हणून जवळजवळ काहीच होत नाही. (हे सगळं विरल द्रावणांचं. समुद्राच्या पाण्याला हे आकडे लावू नका.)

करून बघणार असाल तर एका बाटलीत नायट्रेटऐवजी साखर घाला. तीही विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत. एवढ्या कमी प्रमाणात ती वेगाला हात लावत नाही. आणि नायट्रेट विरघळताना पाणी गार होतं. सगळ्या बाटल्या एकाच बादलीत ठेवून तापमान जागेवर येऊ द्या, नाहीतर वेग कमीच झालेला दिसेल आणि तुम्ही पुन्हा मलाच धराल.