शाकारणी कोणाच्या खर्चाने?

२०२५ च्या जुलैत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच संध्याकाळी दोन गोष्टी येऊन पडल्या. एक, युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतल्याची बातमी. त्यात आमच्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. दुसरा, चुलतभावाने टाकलेला एक नकाशा. वेंगुर्ल्यात बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीतले आमचे घर पाडायचे, तळाला गाळे काढायचे, वर दोन मजले फ्लॅट, आणि हिस्सेदारांना रोख किंवा जागा, ज्याला जे हवे ते. काकांनी दोन्हीला सारखाच अंगठा दिला. किल्ल्यांच्या बातमीला वर एक भगवा झेंडाही.

मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून लिहिले, "पाडायची घाई नको, आधी बोलू या." पाच मिनिटांत दादाचा व्हॉइस मेसेज आला. "तुझा काय जाता गो सांगूक? मे म्हयन्यात कौलार मी चढतंय. माकडां नाचतत ती माझ्या डोक्यार."

परदेशात राहणाऱ्यांचे वारसाप्रेम हा संशय घेण्यासारखाच प्रकार आहे, हे आधी कबूल करते. आम्हाला आजीचे घर जसेच्या तसे हवे असते, दर दोन वर्षांनी दहा दिवस. ओटीवरचा झोपाळा हवा, माजघरातला गारवा हवा, आणि न्हाणीघरात मात्र गरम पाण्याचा शॉवर हवा. उरलेले सातशे वीस दिवस त्या घरात कोण राहतो, कोण वाळवी शोधतो, पाऊस लागला की कोणत्या खोलीत बादली ठेवायची हे कोणाला पाठ असते, याचा हिशोब आमच्या आठवणींत नसतो. तेव्हा दादाचे म्हणणे खरेच आहे. पण त्याने जिथे बोट ठेवले, मलाही नेमके तिथेच बोलायचे आहे. वाडवडिलांच्या पुण्याईबद्दल नाही, मे महिन्यातल्या कौलांबद्दल.

डेल्फ्टमध्ये मी भाड्याने राहते ते घर सतराव्या शतकातले, सरकारी स्मारकांच्या यादीतले. ऐकायला भारी वाटते. राहायला जिना इतका उभा की सामान दोरीने खिडकीतून चढवावे लागले, आणि काचा एकेरी, त्यामुळे जानेवारीत मी घरात लोकरी टोपी घालून बसते. दुहेरी काच लावायची तर घरमालकाला परवानगी काढावी लागते, आणि तो आपला पुढल्या वर्षी बघू म्हणतो. देशभरात अशी साठ हजारांवर राष्ट्रीय स्मारके आहेत. त्यांत चर्च आणि पवनचक्क्या आहेतच, पण साधी राहती घरेही ढिगाने आहेत. त्यांत लोक भांडतात, मुले वाढवतात, तळमजल्यावर सायकली दुरुस्त करतात.

एका शरद ऋतूत आमच्या दारात एक व्हॅन थांबली. दोन माणसे उतरली, कमरेला पट्टे आणि दोर बांधून छपरावर गेली. पन्हळीतला पानांचा चिखल काढला, सरकलेली दोन कौले तिथल्या तिथे बसवली, आढ्याजवळचा शिशाचा पत्रा हाताने दाबून पाहिला, खाली येऊन वाशांत कुठे ओल आहे का ते टोचून बघितले आणि मालकाला अहवाल पाठवला. हे तातडीचे, हे दोन वर्षांत करा, हे नुसते लक्षात ठेवा. या संस्थेचे नाव 'मॉन्युमेंटेनवाख्त', म्हणजे स्मारकांचा पहारा. १९७३ पासून प्रांतोप्रांती हे काम चालते. मालक वर्गणी भरतो, माणसे ठरल्या वेळी येऊन जातात. तत्त्व इतके साधे की त्याला तत्त्व म्हणायची लाज वाटावी: आज पन्हळ साफ केली तर वीस वर्षांनी छप्पर बदलावे लागत नाही.

मी खिडकीतून बघत होते आणि मनात एकच शब्द आला. शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौले चाळून छप्पर नीट करणे.

आमच्याकडे एक म्हातारा कौले चाळायला यायचा. आजोबांच्या वेळेपासूनचा. अनवाणी चढायचा, पाऊल नेहमी रिपेवर, कौलाच्या पोटावर कधीच नाही. प्रत्येक कौल उचलून बोटाच्या पेराने टिचकी मारायचा. खणखणीत वाजले तर परत जागेवर, बद्द वाजले तर खाली. खाली आम्ही पोरे ती झेलायला. कोनवाशाजवळ तो जास्त वेळ बसायचा, कारण दोन उतार मिळतात तिथेच पाणी घरात शिरायची वाट शोधते. सालाला तीन हजार मिलिमीटर पाऊस ज्या किनाऱ्यावर पडतो, तिथे हे काम रोहिणीच्या आत उरकले नाही तर आषाढात माजघरात छत्री उघडून जेवायचे. म्हणजे डचांनी १९७३ मध्ये जी व्यवस्था संस्था म्हणून उभी केली, ती आमच्याकडे रीत म्हणून होतीच. फरक एवढाच की रीत माणसाबरोबर गेली. त्या म्हाताऱ्याचा मुलगा आज पर्यटकांची गाडी चालवतो, आणि त्याला दोष द्यायचा मला काय अधिकार? मी तरी कुठे आजीचा वसा चालवते आहे.

त्यात माकडांचा उपद्रव. हे परदेशातल्या वारसातज्ज्ञांना सांगून पटत नाही, पण कोकणात कौलारू घरांच्या मुळावर माकडे आली आहेत. एक टोळी छपरावरून गेली की पाचपंचवीस कौले जातात. तेवढी नवी मिळाली तरी जुन्या मापाची मिळत नाहीत. म्हणून लोक कंटाळून पत्रा टाकतात, नाही तर सरळ स्लॅब.

स्लॅबची गंमत आमच्या शेजारीच आहे. कौलारू घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली. तिसऱ्या की चौथ्या पावसात गच्ची पाझरू लागली, भिंतीला हिरवा रंग चढला. मग गच्चीवर लोखंडी खांब उभे करून निळ्या पत्र्याची शेड घातली, दोन्ही बाजूंना उतार देऊन. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही टेकडीवरून खाली बघा, हीच निळी-लाल छपरे दिसतात. उतरते छप्पर पाडले, सपाट केले, त्यावर पुन्हा उतरते छप्पर चढवले. दोन घरांचा खर्च करून आपण पणजोबांच्याच मताला आलो. फक्त आता खालच्या खोल्यांत मे महिन्यात एसी लावावा लागतो. चिऱ्याच्या हातभर जाड भिंती आणि उंच माळा होता तेव्हा पंख्यावर भागत होते.

जुन्या वस्तीचा शहराला काय उपयोग, असे विचारले की आपले लोक लगेच पर्यटकांवर घसरतात. मला त्याआधीचे दिसते. आमच्या गल्लीत घरांना ओटी आणि पडवी होती तोवर भर पावसात बाजारापर्यंत अर्धी वाट कोरड्याने जाता येई. म्हातारी माणसे ओटीवर बसत, त्यामुळे गल्लीत कोण आले कोण गेले याची खबर असे, पोरे निर्धास्त खेळत. ओटीच्या जागी शटर आले, संध्याकाळी आठला ते पडते आणि गल्ली अंधारते. पैशाचेही तसेच. नवी इमारत बांधली की मोठा वाटा सिमेंट, सळई आणि टाइल्सच्या रूपाने गावाबाहेर जातो. जुने घर दुरुस्त केले की त्यातला बराचसा सुतार, गवंडी आणि चिरे घडवणारा यांच्या हातात पडतो, आणि तो शनिवारी इथल्याच बाजारात मासळी घेतो.

डच लोक जन्मजात शहाणे होते असे मात्र कोणी समजू नये. यांनीही कालवे बुजवले, वस्त्या पाडल्या. उट्रेख्तमध्ये जुन्या शहराभोवतीच्या कालव्याचा एक तुकडा मोटारींसाठी बुजवून १९७३ मध्ये तिथे महामार्ग केला. तो उखडून पुन्हा पाणी खेळवले ते २०२० मध्ये. अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यूमार्क्ट भागात मेट्रोसाठी घरे पाडायला घेतली तेव्हा १९७५ मध्ये रस्त्यावर दंगल झाली. मेट्रो झालीच, पण तिच्यावरून जाणारा हमरस्ता रद्द झाला आणि घरे जुन्या गल्ल्यांच्या रेषेवर पुन्हा बांधली गेली. चूक करून परत यायला यांना सत्तेचाळीस वर्षे आणि रग्गड पैसा लागला. आपल्या नगरपरिषदांकडे तेवढी वर्षे असतीलही. पैसा नाही.

आणि तो पैसा आला कुठून, हेही विसरून चालत नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची. तिची कचेरी कालव्याकाठी आजही ठाकठीक उभी आहे, खिडक्यांना ताजा रंग. याच कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात ठाणे मांडले, गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला. आमच्या शाळेच्या वयात ती डच वखार म्हणजे लपाछपीची जागा होती. छप्पर नाही, भिंतींच्या सांध्यांतून झाडांची मुळे उतरलेली. एकाच कंपनीच्या दोन इमारती. मी एकीवरून रोज सायकलने जाते आणि दुसरीच्या भिंतीवर माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची नावे कोरलेली आहेत.

तर खर्च कोणाचा, हा खरा प्रश्न. इथे यादीतल्या राहत्या घराच्या देखभालीचा जो खर्च मान्य होतो, त्यातला ३८ टक्के सरकार देते. म्हणून घरमालक कुरकुरतो, पण पाडायचे नाव काढत नाही. आपल्याकडे मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, आणि जुनी इमारत राखल्याने न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची सोयही. पण तो हक्क मुंबईत सोन्याच्या भावाने जातो. बारा हजार वस्तीच्या वेंगुर्ल्यात तो घेणार कोण? नुसती यादी करून मालकाचे हात बांधले तर घर वाचत नाही. हिस्सेदार चौदा, सही एकाचीही नाही, आणि छप्पर आपोआप खाली यायची वाट बघत सगळे गप्प. अशी घरे आमच्या तालुक्यात डझनांनी दाखवते.

छोट्या गावाला छोटा उपाय लागतो. कौलारू घर राखणाऱ्याला घरपट्टीत भरीव सूट. मार्च ते मे नगरपरिषदेची शाकारणीची टोळी, चार तरुण कामाला आणि एक जुना जाणता शिकवायला, वाजवी दरात. पाडलेल्या घरांची कौले आणि वासे भंगारात न जाता एका वखारीत साठवणे, म्हणजे जुन्या मापाची कौले मिळतील. हे स्वप्नरंजन नाही. याच वेंगुर्ल्याने घराघरात कचरा वेगळा करायला लावून कचरा डेपोचे पर्यटनस्थळ केले. ज्या गावाला तो शिस्तीचा खटाटोप जमला, त्याला कौले मोजायला जड जाऊ नये.

पर्यटन म्हणाल तर पणजीचे फोन्तेन्यास फार लांब नाही. रंगीत भिंती, लाकडी सज्जे, घराघरात राहायची सोय. आणि तिथल्याच रहिवाशांनी दारावर लावलेल्या पाट्या: इथे फोटो काढू नका. लग्नाआधीच्या फोटोंसाठी सकाळी सातला दारात येऊन उभी राहणारी जोडपी बघितली की त्यांचा वैताग कळतो. जुने घर राहणाऱ्यासाठी राखायचे की बघणाऱ्यासाठी, हे आधी ठरवावे लागते. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांवरची घरे छान राखली गेली, पण माझ्यासारख्या पगारदाराला तिथे न्हाणीघराएवढी जागा परवडत नाही.

हे सगळे मी ग्रुपवर लिहिले. जरा लांबच झाले. काकांनी नेहमीप्रमाणे अंगठा दिला. चुलतभावाने विचारले की शाकारणीची टोळी येईपर्यंत बिल्डर थांबणार आहे का. दादाने दोन दिवसांनी उत्तर दिले, तेही व्हॉइस मेसेजनेच, मागे पावसाचा आवाज. "बरा लिवलंस. आता दर वर्साक किती धाडतलंस ता सांग."

मी पगाराचा कागद काढला, घरभाडे वजा केले आणि एक आकडा लिहिला. खाली लिहिले, पुढची दहा वर्षे, आणि आमच्या घराच्या बाकीच्या तेरा हिस्सेदारांनी आपापला आकडा लिहावा. ग्रुपवर निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या आहेत.