फुकटची जादू वाचू नका

माझी भाची यंदा अकरावीत गेली. मे महिन्यात आठ दिवस डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या सॅकमध्ये सहाशे पानांचा एक ठोकळा होता. मुखपृष्ठावर ड्रॅगन, तलवार, पानांच्या कडांना सोनेरी रंग. रात्री ती झोपल्यावर मी तो उचलला आणि दोन वाजेपर्यंत निम्मा संपवला. सकाळी चहा घेताना तिला म्हटलं, "अगं, ही पोरगी बोट वर करते आणि आग लागते. परत बोट वर करते, परत आग लागते. तिचं साधं डोकंसुद्धा दुखत नाही?"

भाची म्हणाली, "मावशी, फँटसी आहे ती. लॉजिक काय लावतेस?"

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. चहा ठेवून बसा.

लॉजिकचा मुद्दाच नव्हता हो. मुद्दा हिशेबाचा होता. आणि हा हिशेब मला कुठल्या इंग्रजी पुस्तकानं शिकवलेला नाही, आजीनं शिकवलाय. श्रावणात ती कहाण्या सांगायची. वसा हवा असेल तर आधी काय कबूल करायचं? उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. मग वसा. राणी उतली की पुढच्याच वाक्यात राज्य गेलं. भस्मासुराला वर मिळतो तो त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला लावणारा. हिरण्यकश्यपूचा वर म्हणजे तर पळवाटांची यादी, आणि तरी उंबरठा राहिलाच. आपल्याकडे फुकट कुणाला काही मिळत नाही, देवादिकांनासुद्धा नाही. शाप असतो तिथे उःशाप असतो, पण त्यालाही अट असते.

तर तरुण मुलांसाठीच्या फँटसी आणि विज्ञान कादंबऱ्या मी याच गाळणीतून गाळते. जादूची किंमत कोण मोजतंय? कुणीच मोजत नसेल तर पुस्तक खाली ठेवते. गेली काही वर्षं लोकलमध्ये उभ्यानं अशी बरीच पुस्तकं वाचली. त्यातली टिकलेली थोडी सांगते. शेवट फोडणार नाही, पण अधलंमधलं सांगावं लागेल.

सगळ्यात आधी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. उर्सुला ली ग्विन, १९६८. जादूच्या शाळेत जाणारा मुलगा म्हटलं की आता सगळ्यांना एकच चष्मेवाला आठवतो, पण त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी ली ग्विनबाईंनी रोक नावाच्या बेटावर अशी शाळा उघडून ठेवली होती. नायक गेड. गाँट बेटावरच्या डोंगराळ गावातला, आई गेलेली, बाप भट्टीवर राबणारा. सात वर्षांचा असताना तो आपल्या मावशीला बकऱ्यांवर काहीतरी मंत्र टाकताना ऐकतो. (हो, मावशी! गावची चेटकीण. पहिली जादू मावशीकडून आली, हे मी भाचीला दोनदा ऐकवलं.) दुसऱ्या दिवशी तो तेच शब्द कुरणात ओरडतो. बकऱ्या येतात. सगळ्या येतात, त्याला घेरतात, आणि हटतच नाहीत. बोलवायचं कसं ते ऐकलेलं, सोडवायचं कसं ते ठाऊक नाही. तो रडतओरडत गावाकडे पळतो, बकऱ्या अंगाला चिकटलेल्या. अख्खं पुस्तक त्या बकऱ्यांत आलंय बघा.

पुढे रोकवर एक गुरू त्याला सांगतात, की रोकवर पाडलेला पाऊस म्हणजे ऑस्किल नावाच्या दुसऱ्या बेटावर दुष्काळ असू शकतो. जायकवाडीच्या पाण्यावरून दरवर्षी होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. पण गेड तरुण, हुशार आणि माजलेला. जास्पर नावाच्या एका श्रीमंत मुलानं डिवचलं म्हणून तो नुसत्या ईर्ष्येपायी मेलेल्या बाईचा आत्मा बोलावतो. त्या फटीतून तिच्यामागून दुसरंच काहीतरी आत येतं. एक सावली. ती फट बुजवताना शाळेचे सर्वांत थोर गुरू प्राण सोडतात, गेडच्या गालावर कायमचे व्रण राहतात आणि ती सावली मोकळी सुटते. नीट बघा, राक्षस बाहेरून आलेला नाही. पोरानं मस्तीत बोलावलेला आहे, आणि किंमत मोजली म्हाताऱ्यानं.

या जगात प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ते लपवायचं असतं, कारण ज्याला नाव कळलं त्याच्या हाती माणूस आला. आपल्याकडे बारशाला आत्या कानात कुर्र करून नाव सांगते, तो क्षण मला वाचताना सारखा आठवत होता.

आणखी एक गोष्ट, जी मला पहिल्या वाचनात कळलीच नव्हती. गेड गोरा नाही. तांबूस-तपकिरी आहे. त्याचा जिवलग मित्र चांगला काळा आहे. गोरे आहेत ते लूटमार करत येणारे. १९६८ साली, अमेरिकेत! बाईंनी हे सहज, कुठेतरी मधल्या वाक्यात टाकून दिलंय. २००४ मध्ये यावर टीव्ही मालिका निघाली तेव्हा त्यांनी गेडला गोरा करून टाकला, आणि बाईंनी लेख लिहून जाहीर निषेध केला. मी पहिल्यांदा वाचताना त्याला मनात गोराच रंगवला होता. का, याचा विचार करून जरा लाज वाटली.

तक्रार आहेच. पुस्तक संथ आहे, संवाद कमी, आणि बायकांना या पहिल्या भागात जवळपास जागाच नाही. बायकांची जादू दुबळी, अशी म्हणच आहे त्या बेटावर. हे ली ग्विनबाईंना स्वतःलाही खुपलं असणार, कारण दुसरा भाग, 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन', संपूर्ण एका मुलीचा आहे. पाच-सहा वर्षांची असताना घरातून उचलून देवळाला वाहिलेली, नावसुद्धा काढून घेतलेली मुलगी. आपल्याला देवीला सोडलेल्या मुली ठाऊक आहेत, त्यामुळे तो भाग इथे अंगावर जास्त येतो. आणि १९९० च्या 'तेहानू'मध्ये तर बाईंनी आपल्याच जुन्या जगाची उलटतपासणी घेतली. तो मात्र सोळाव्या वर्षी नका देऊ. चाळिशीनंतर वाचा.

आता 'द गिव्हर'. लोइस लाउरी, १९९३. हे एका रविवारात संपतं आणि मग आठवडाभर छळतं. एक वसाहत. दुःख नाही, भांडण नाही, उपासमार नाही, थंडीवारा नाही. प्रत्येक घरात एक मुलगा, एक मुलगी. जोडीदार समिती निवडते आणि बाराव्या वर्षी प्रत्येकाचं कामही समितीच ठरवते. (आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आयांना हे स्वप्नवत वाटेल. दहावीनंतर शाखा निवडायची कटकटच नको!) जोनासला काम मिळतं आठवणी सांभाळायचं. जगानं सोडून दिलेलं सगळं, बर्फ, ऊन, युद्ध, एका म्हाताऱ्याच्या हातातून त्याच्या अंगात उतरायला लागतं. मग त्याला कळतं, आधी एकदा सफरचंद क्षणभर बदललेलं दिसलं होतं, तो लाल रंग होता. तोवर त्या वसाहतीत कुणालाच रंग दिसत नव्हते, हे वाचणाऱ्याच्याही लक्षात आलेलं नसतं. मी लोकलमध्ये मागची पानं उलटून तपासत बसले आणि माझं स्टेशन गेलं.

त्यातलाच एक प्रसंग. तो आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि त्याला भाषा नेमकी वापरायला सांगतात. प्रेम हा फार ढोबळ शब्द आहे म्हणे. एवढंच. कुणी मारत नाही, ओरडत नाही. याहून भीतीदायक पान मी कुठल्या भुताच्या गोष्टीत वाचलेलं नाही.

'फीड' हे एम. टी. अँडरसनचं, २००२ चं. हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं आणि हेच सगळ्यात आधी वाचायला हवं. लोकांच्या मेंदूतच इंटरनेट बसवलेलं आहे. मनात नुसतं आलं की जाहिरात हजर. २००२ म्हणजे फेसबुकच्याही दोन वर्षं आधी, आयफोनच्या पाच, हे लक्षात ठेवून वाचा. टायटस नावाचा एक मठ्ठ, चांगल्या घरचा मुलगा मित्रांबरोबर चंद्रावर मजा करायला जातो आणि चंद्र त्याला बोअर होतो. तिथे त्याला व्हायोलेट भेटते. तिचं घर बेताचं, त्यामुळे तिला हे यंत्र उशिरा आणि स्वस्तातलं बसलेलं. ते बिघडायला लागतं. ती मुद्दाम भलभलत्या वस्तूंची चौकशी करून कंपनीला गोंधळात पाडत असते, स्वतःचा नीट अंदाज येऊ देत नाही. मग दुरुस्तीचा खर्च उचलायची वेळ येते तेव्हा कंपनी तिला नाकारते. कारण? ग्राहक म्हणून तुमचा काही भरवसा नाही.

मी बँकेत आहे. असली पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. पुढचं लिहवत नाही.

पुस्तकाची भाषा मात्र त्रास देते. पोरं अर्धवट, तुटक, मॉलमधली इंग्रजी बोलतात. पहिली तीस पानं दातओठ खाऊन काढा.

'द हंगर गेम्स' सगळ्यांनी पाहिलाय, वाचलेला कमी जणांनी. सुझान कॉलिन्स, २००८. सिनेमात धनुष्यबाण लक्षात राहतो. दरवर्षी सोडत काढून मुलांना एकमेकांशी मरेपर्यंत लढायला पाठवतात, ही त्यातली गोष्ट. पुस्तकात माझ्या लक्षात राहिला तो टेसेराचा हिशेब. वर्षभराचं एका माणसाचं जेमतेम धान्य आणि तेल हवं असेल, तर सोडतीत तुमच्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाका. दरवर्षी ती साठत जाते. सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत, तिच्या मित्राच्या बेचाळीस. श्रीमंताच्या मुलीच्या मोजक्याच. सोडत सगळ्यांसाठी सारखी, कागदावर. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे दोन परिच्छेद पुरेत. तिसरा भाग घाईत गुंडाळलाय असं माझं मत. त्यावर माझ्याशी भांडायचं असेल तर खाली जागा आहे.

फिलिप पुलमनच्या 'नॉर्दर्न लाइट्स'वर (१९९५, अमेरिकेत 'द गोल्डन कंपास') स्वतंत्र पोस्ट होईल. थोडक्यात, प्रत्येक माणसाचा जीव त्याच्याबरोबर प्राण्याच्या रूपात चालतो. लहानपणी तो सारखा रूप बदलतो, आत्ता खार, मग पतंग, मग मांजर. मोठं झालं की एकाच रूपावर थांबतो. नोकरमाणसांचे बहुतेक कुत्र्यांवर थांबतात, हे पुलमन इतक्या सहज लिहून जातो की आपण दचकायचंसुद्धा विसरतो. आणि उत्तरेला कुठेतरी मोठी माणसं मुलांना त्यांच्या या जीवापासून कापून वेगळं करतायत, त्यांच्याच भल्यासाठी म्हणे. या त्रयीच्या तिसऱ्या भागाला २००१ चा व्हिटब्रेड या ब्रिटिश पुरस्काराचा सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला, मुलांच्या पुस्तकाला पहिल्यांदाच. तरी मला पहिलाच भाग प्यारा. तिसऱ्यात लेखकाला आपल्याला बरंच काही समजावायचं असतं.

इतकं जड नको असेल तर डायना विन जोन्सचं 'हाउल्ज मूव्हिंग कॅसल', १९८६. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा २००४ चा अ‍ॅनिमेशन सिनेमा पाहिला असला तरी वाचा, पुस्तक बरंच निराळं आणि जास्त खट्याळ आहे. टोप्या शिवणाऱ्या सोफीला चेटकीण म्हातारी करून टाकते. सोफी रडत बसत नाही. म्हातारपणाचा फायदा घेऊन सगळ्यांना झाडायला लागते, तरुणपणी जे बोलायची टाप नव्हती ते सगळं बोलते. शापाचा असा उपयोग मी दुसरीकडे वाचला नाही. पन्नाशी जवळ आल्यावर तर फारच पटतं.

आणि पॅट्रिक नेसचं 'द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो'. २००८. एका ग्रहावर पुरुषांच्या मनातलं सगळं सगळ्यांना ऐकू येतं, चोवीस तास. कुत्र्यांच्या मनातलंही. टॉड नावाच्या मुलाबरोबर मँची नावाचा कुत्रा आहे, त्याला बहुतेक वेळा फक्त शी करायची असते आणि तो तसं सांगतो. कुत्र्याबद्दल मी याहून जास्त काही सांगणार नाही.

"आपलं काही नाही का?" असं कुणीतरी विचारणारच. रोशनी चोक्शींची 'आरू शाह' मालिका आहे, अटलांटात वाढणाऱ्या मुलीच्या अंगात पांडव. भीम-अर्जुन ऐकून बरं वाटतं, विनोद मात्र दर ओळीला. आणि आपलं आपलं म्हणाल, तर जयंत विष्णू नारळीकर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. 'उजव्या सोंडेचा गणपती' मी सातवीत वाचली आणि गोष्टीतल्यासारखी कागदाची पट्टी पिळून, चिकटवून, तिच्यावर बोट फिरवत अख्खी दुपार काढली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे नावच किती झकास! पण त्यानंतर? बारा ते सतरा वयासाठी मराठीत आम्ही काय वाचलं? 'चांदोबा', 'किशोर', आणि मग एकदम उडी मारून 'मृत्युंजय'. मधला पूल कुणी बांधलाच नाही. कवचकुंडलं काढून देणारा कर्ण आहे आपल्याकडे, किंमत मोजणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आणि तरी आपली पोरं बोट वर करून आग लावणाऱ्या बाईवर पैसे घालवतायत.

जाताना भाचीच्या सॅकमधला तो ठोकळा मी ठेवून घेतला आणि बदल्यात तिला 'द गिव्हर' आणि नेसचं पुस्तक दिलं. गिव्हरबद्दल तिनं फक्त "ठीक आहे" असं कळवलं, आणि दोन दिवसांनी विचारलं की लाल रंग नसेल तर सिग्नल कसे चालत असतील.

काल रात्री पावणेबाराला पुन्हा मेसेज आला. "मावशी मँची". पुढे काहीच नाही. मग पाच मिनिटांनी, "तू मला आधी का नाही सांगितलंस".

अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी फोन करीन म्हणते.