ओ माईकवाले!

आज संध्याकाळी एका सत्काराला गेलो होतो. प्रमुख पाहुणे बोलायला उठले, माईकनं शिट्टी मारली आणि साहेबांनी स्टेजवरूनच विचारलं, "ओ माईकवाले, झोपलात काय?" सगळा मांडव हसला. कोपऱ्यात मिक्सरवर बसलेलं विशीतलं पोरगं मान खाली घालून बटणं फिरवत राहिलं. अहो साहेब, माईक हातात घेऊन थेट स्पीकरच्या तोंडाशी उभं राहिलं तर शिट्टी वाजणारच! पण सांगणार कोण?

मीही नाही सांगितलं. खरा राग त्याचाच आलाय.

आमच्या अण्णांचा मंडप-स्पीकरचा धंदा होता. दोन कर्णे, एक आहुजाचा ॲम्प्लिफायर आणि मागून वायरींची पेटी उचलून मी. अण्णा म्हणायचे, "आवाज नीट लागला की लोक गाणाऱ्याकडं बघतात, शिट्टी वाजली की माझ्याकडं."

घरी आलो तेव्हा डोक्यात ग्लेन स्नॉडी होता. कोण? तेच तर! अमेरिकेतल्या नॅशविलचा रेकॉर्डिंग इंजिनिअर. १९२२ चा जन्म, लष्करात रेडिओचं काम शिकला, पुढं डब्ल्यूएसएम रेडिओ, मग क्वॉन्सेट हट स्टुडिओ. तिथं मार्टी रॉबिन्स ह्या गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं रेकॉर्ड होताना ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज मध्येच फाटला. अगदी कोन फाटलेल्या स्पीकरसारखा. मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर गेला होता. आपल्याकडं लगेच "ओ माईकवाले!" झालं असतं. तिथं त्यांनी तो फाटका आवाज तसाच ठेवला. १९६१ मध्ये ते गाणं तिकडच्या कंट्री संगीताच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहा आठवडे पहिलं होतं.

मग लोक तोच आवाज मागू लागले, आणि तो ट्रान्सफॉर्मर तर पुरता मेलेला. स्नॉडीनं ट्रान्झिस्टर जोडून तसा आवाज काढणारी डबी बनवली आणि गिब्सन ह्या गिटार बनवणाऱ्या कंपनीला दिली. १९६२ मध्ये ती 'मॅस्ट्रो फझ-टोन' म्हणून बाजारात आली. रोलिंग स्टोन्स बँडच्या १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन' गाण्यामध्ये कीथ रिचर्ड्सची गिटार गुरगुरते ना, ती ह्याच डबीतून. रिचर्ड्स सगळ्यांना ठाऊक. डबीवाला? पुढं १९६७ मध्ये त्यानं स्वतःचा वुडलँड स्टुडिओ काढला, २०१८ मध्ये गेला. मिक्सरच्या मागं बसून उभा जन्म काढला माणसानं.

हो, मान्य, काही पोरं कार्यक्रमभर मोबाईलमध्ये असतात. डीजेच्या भिंती लावून म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरवणारेही ह्याच धंद्यातले. असो.

एकदा रात्रीच्या भजनात बुवांचा घसा बसला. अण्णांनी कुणाला न सांगता पेटी-पखवाज हळूच उतरवले आणि बुवांचा आवाज वर घेतला. सकाळी जो तो म्हणत होता, "काल बुवांनी काय लावलं होतं!" अण्णा तिथंच बसून वायर गुंडाळत होते.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगायचं तर कार्यक्रम संपल्यावर मी त्या पोराकडं गेलो होतो. विचारलं, "जेवलास का रे?"

"नाय काका, आधी वायरी गोळा करतो."

एक वायर मीही उचलली आणि अण्णांसारखी कोपरावरून गुंडाळायला लागलो. पोरगं हसून म्हणालं, "काका, कोपरावर नको, आतून पिळते ती. द्या इकडं."

दिली.